अहो, मला तुम्ही नाही, दुखणं नको झालंय

आलेलं पत्र थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"प्रिय ताई, माझं वय ५१, बँकेत नोकरी, लग्नाला २६ वर्षं झाली. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. त्याच्या आधीपासूनच जवळ आलो की तिथे आग व्हायची, आता तर ब्लेडने कापल्यासारखं दुखतं. दोन महिन्यांपूर्वी चादरीवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हापासून मी टाळतेच आहे. रात्री मुद्दाम किचनमध्ये रेंगाळते, ओटा दोनदा पुसते, विरजण लावायला साडेअकरा करते, तोवर हे घोरायला लागलेले असतात. हे चिडत नाहीत पण गप्प झालेत. एकदा म्हणाले, तुला मी नकोसा झालोय का. मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या या वयात असं होतंच, आता मुलांच्या लग्नाचं बघा. जाऊबाईंची पिशवी काढल्यापासून ती दोघं वेगळ्या खोलीत झोपतात, त्या म्हणतात आता देवधर्म बघायचा. पण ताई, मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात गर्दीतून वाट काढताना ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला अंगभर शहारा आला, आणि मग माझी मलाच लाज वाटली. ह्यांना शुगर आहे. मी दोन वर्षांपासून टेन्शनची एक गोळी घेते. स्वच्छतेसाठी तिथे रोज जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने धुते. माझी इच्छा संपलीये की मी विकृत आहे, काय ते सांगा. आणि हे छापलं तर लोक काय म्हणतील?"

अगं, तू मला ताई म्हटलंस आणि मी दहा वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे सरळ अगंतुगंच करते, राग मानू नकोस.

आधी त्या डागाचं, बाकी सगळं नंतर. पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, मग ते संबंधानंतर असो नाहीतर असंच, ते डॉक्टरांना दाखवायचंच, यात पुढच्या महिन्यात बघू वगैरे नाही. बहुतेकींचं कारण साधंच निघतं, आतलं अस्तर पातळ होऊन खरचटलेलं असतं, पण थोड्या जणींमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा मुखाचा कॅन्सर पहिल्यांदा असाच दिसतो आणि लवकर सापडला तर उपचार खूप सोपे जातात. घाबरवत नाहीये, पण दोन महिने तू ओटा पुसण्यात काढलेस, आता याच आठवड्यात जा. त्या आतून तपासतील, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी तपासायला घेतील, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघतील. ही सोनोग्राफी बऱ्याचदा आतून करतात, तेव्हा टेबलावर चढायच्या आधीच सांग की मला कोरडेपणामुळे फार दुखतं, ते आत बघायचं उपकरण, स्पेक्युलम, लहान साइजचं घ्या आणि जेल लावा. दातांच्या डॉक्टरला आपण सांगतोच की, हळू हो, हा दात ठणकतोय, तसंच आहे हे. आणि ज्या बाईंनी मुलांच्या लग्नाचं बघा म्हटलं त्यांच्याकडेच परत जायला पाहिजे असं काही नाही, गावात दुसरी गायनॅक असेलच.

आता तुझा प्रश्न. तू मला दोनच पर्याय दिलेस, इच्छा संपली नाहीतर मी विकृत. मला दोन्ही मान्य नाहीत. तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं, त्यातला क्रम बघ जरा. आधी आग, मग दुखणं, मग रक्त, मग भीती, मग किचन. इच्छा गेली असं जे तू म्हणतेस ते सगळ्यात शेवटी आलंय. जी चप्पल रोज टाच सोलवटते ती घालून फिरायला जायची हौस कुणाला राहील? हौस मेली नाहीये, टाच सोललीये. आणि मेली असती तर लग्नाच्या हॉलमध्ये तो शहारा कुठून आला असता? इच्छा इच्छा म्हणतात ती तीच, वेगळं काही नसतं.

शरीरात काय झालंय ते सांगते, कारण तुझ्या पत्रात "तिथे" हा शब्द आहे, योनी हा शब्द एकदाही नाही, आणि डॉक्टरसमोरही तू तिथेच म्हणणार आणि त्यांना वाटणार खाज असेल, देतील एखादं बुरशीचं औषध. योनीचं अस्तर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनच्या जिवावर जाड, ओलसर, लवचीक राहतं. पाळी जाते म्हणजे ओव्हरीज इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतात, आपल्याकडे हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, तुझं थोडं उशिरा झालं. मग अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा कमी होतो, ओलेपणा यायला वेळ लागतो किंवा येतच नाही. आणि तू रोज रात्री जे विरजण लावतेस ना, त्यातल्या जंतूंचेच भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, योनीतही राहतात, ते आम्ल बनवतात आणि तरुणपणी तिथला पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान धरून ठेवतात. इस्ट्रोजेन गेलं की त्यांचं खाणंच तुटतं, ते कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो आणि मग नको ते जंतू शिरतात, लघवीला जळजळ, सारखी सारखी लागणं, वर्षातून तीनदा युरिन इन्फेक्शन, हे सगळं त्यातूनच. (भाऊबंद आहेत म्हणून लगेच तिथे दही लावत बसू नकोस, व्हॉट्सअॅपवर तेही फिरत असतं.) आणि ते जंतुनाशकाचं पाणी आज बंद कर. उरलेसुरले चांगले जंतू तू रोज स्वतःच्या हाताने मारतेयस आणि आधीच पातळ झालेल्या कातडीला भाजतेयस. बाहेरून साधं कोमट पाणी, बस. आत काही नाही. सुगंधी वॉशची बाटली असेल तर तीही नको, योनीला गुलाबाचा वास यायची काही गरज नाही.

डॉक्टर लोक २०१४ पासून या सगळ्याला मिळून जीएसएम म्हणतात, योनी आणि लघवीच्या जागेचा एकत्र त्रास असा त्याचा अर्थ. पाळी गेलेल्या साधारण निम्म्या बायकांना हा कमीजास्त होतो. निम्म्या! म्हणजे तुझ्या बँकेत पन्नाशीच्या चौघी असतील तर त्यातल्या दोघी आत्ता कॅश काउंटरवर बसून हेच सोसत असतील आणि एकमेकींना चटणीची रेसिपी सांगत असतील. गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांनी आपोआप ओसरतात पण हा कोरडेपणा तसा ओसरत नाही, काही केलं नाही तर वाढतच जातो. "या वयात असं होतंच" हे वाक्य मला इतकं खटकतं ते म्हणूनच. होतंच, खरंय. चाळिशीत चष्माही लागतोच, म्हणून कुणी आंधळं राहत नाही.

उपाय. पॅप आणि सोनोग्राफी नीट आली की मग. पहिलं म्हणजे ल्युब्रिकंट, वॉटर बेस्ड जेल, मेडिकलमध्ये मिळतं, ऑनलाइन मागवलंस तर खोक्यावर सहसा काही लिहिलेलं नसतं. ते संबंधाच्या वेळी, सढळ हाताने, दोघांनाही. जपून जपून नाही वापरायचं, ते केशर नाहीये. सुगंधी, गरम किंवा गार वाटणारं घेऊ नको, आग होईल. खोबरेल तेल खूप जणी वापरतात, काहींना चालतं, काहींना इन्फेक्शन होतं, आणि कंडोम वापरत असाल तर तेल अजिबात नको, रबर फाटतं. (दिवस जाऊ नयेत म्हणून, पाळी पन्नाशीच्या आत गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची. तुझी पन्नाशीच्या आसपासच गेली आणि दीड वर्ष झालं, तेव्हा नेमकी आधी की नंतर ते मोजून बघ.) दुसरं, व्हजायनल मॉइश्चरायझर, हे वेगळं असतं, संबंध असोत नसोत, आठवड्यातून दोनतीनदा लावायचं, हातापायांना हिवाळ्यात लावतो तसंच.

आणि तिसरं, जे मला वाटतं तुला खरं लागणार आहे, ते म्हणजे इस्ट्रोजेनचं क्रीम, आपल्याकडे एस्ट्रिऑल नावाने मिळतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा सांगतात. हे ऐनवेळी लावायचं जेल नव्हे, रात्री झोपताना लावून पडून राहायचं. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून ट्यूब फ्रिजमागे टाकू नको, काही आठवड्यांनी बरं वाटायला लागतं आणि पूर्ण फरक कळायला तीनेक महिने जातात. सोडलं की त्रास परत येतो, म्हणजे चालूच ठेवायचं असतं.

आता ट्यूबच्या खोक्यातला तो घडीचा कागद तू वाचणार, बँकेतली आहेस, बारीक अक्षर वाचल्याशिवाय राहणार नाहीस. त्यात कॅन्सर, हार्ट अटॅक, रक्ताच्या गुठळ्या सगळं लिहिलेलं असू शकतं आणि तू क्रीम परत कपाटात ठेवणार. ती भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या पोटात हार्मोनच्या गोळ्या घेत होत्या. योनीत लावायच्या क्रीमचा डोस अगदी कमी असतो, रक्तात फारच थोडं जातं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेच कागदावर काळ्या चौकटीत छापायचे हे इशारे काढायची घोषणा केली. तरीपण तुला किंवा घरात आई-बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांग, आणि स्वतःला झाला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

टेन्शनच्या गोळीचं तू जाता जाता लिहिलंयस पण ते जाता जाता सोडू नको. नाव लिहिलेलं नाहीस, पण या प्रकारातल्या कितीतरी गोळ्यांनी इच्छा मंदावते, शेवटच्या सुखापर्यंत पोचायला फार वेळ लागतो किंवा पोचताच येत नाही. आपल्या मनाने बंद करू नको हं, एकदम सोडल्या की फार त्रास होतो. ज्यांनी दिली त्यांना स्पष्ट सांग की या गोळीने माझ्या कामजीवनावर परिणाम होत असेल का, डोस किंवा गोळी बदलता येईल का. तसंच सर्दीच्या अॅलर्जीची गोळी रोज घेत असशील तर तीही नाक सुकवते तशी बाकीचंही सुकवते.

इच्छेबद्दल थोडं सविस्तर बोलते कारण इथे आपली सगळ्यांचीच गफलत होते. आपण समजतो इच्छा आधी यायला पाहिजे, मग बाकीचं. पंचविशीत तशी यायचीही. पण पन्नाशीत बऱ्याच जणींची इच्छा उलट्या बाजूने येते. दुपारी जेवण झालंय, पोट भरलंय, भूक नाहीये, आणि शेजारून कांदाभजीचा वास आला, कुणी गरम गरम एक हातात दिलं, तर आपण नाही म्हणतो का? खाल्ल्यावर कळतं की अरे, भूक होती. तसं आधी जवळीक, स्पर्श, बोलणं, वेळ, आणि मग इच्छा. कॅनडातल्या रोझमेरी बॅसन या डॉक्टरबाईंनी २००० साली बायकांच्या इच्छेबद्दल साधारण हेच मांडलं, तोवर शास्त्रही पुरुषांचीच फूटपट्टी लावत होतं. म्हणजे संध्याकाळी सात वाजता गवार निवडताना तुला काही वाटत नाही म्हणून काही संपलेलं नाही. पण वास यायला भजी तळायला तर पाहिजेत ना, आणि तू तर दुखण्याच्या भीतीने सोफ्यावरसुद्धा त्यांच्यापासून हातभर लांब बसत असशील, कारण जवळ बसलं की पुढचं येईल. बसतेस ना? माझी पाळी ४९ ला गेली, मीही दोन वर्षं टीव्हीसमोर वेगळ्या खुर्चीत बसायचे आणि पाठदुखीचं कारण सांगायचे, पाठ ठणठणीत होती माझी.

म्हणून आता नवऱ्याशी बोल. बिछान्यात नाही, भांडणात नाही, आणि सासूबाई घरात असतील तर घरातही नाही. संध्याकाळी चालायला जा नाहीतर गाडीत बोल, शेजारी शेजारी असलं की डोळ्यांत बघावं लागत नाही, बरं पडतं. आणि लांब प्रस्तावना नको. त्यांनी विचारलं होतं ना तुला मी नकोसा झालोय का, त्याचं उत्तर तुझ्याकडे उधार आहे, ते एवढंच दे, "अहो, मला तुम्ही नको झालेला नाहीत, मला दुखणं नको झालंय." पुढचं आपोआप निघेल. मला तर वाटतं त्या माणसाने गेले दोन महिने आरशात टक्कल आणि पोट बघत काढले असतील.

मग दोघांनी एक ठरवा. डॉक्टरांची तपासणी आणि क्रीमचे पहिले सहाआठ आठवडे, आत प्रवेश बंद. पूर्ण बंद. पण बाकी काही बंद नाही, जवळ झोपणं, पाठ चोळून देणं, हाताने, तोंडाने, जे दोघांना आवडेल ते. हे ठरलेलं असलं की स्पर्शाची भीती जाते, पाठीवरचा हात हा पाठीवरचाच हात राहतो. बाईचं बरंचसं सुख क्लिटोरिसमध्ये असतं, मराठीत शिश्निका म्हणतात, योनीच्या वरच्या टोकाला तो छोटासा उंचवटा, आणि पाळी गेली म्हणून ती काही दुकान बंद करत नाही, फक्त पूर्वी पाच मिनिटं पुरायची तिथे आता वीस लागतील. तुला कसं आवडतं हे तुलाच विसरायला झालं असेल तर आंघोळीच्या वेळी, दुपारी एकटी असताना स्वतःच्या हाताने शोध, त्यात पाप नाही की रोग नाही. आणि इतके दिवस दुखल्याने योनीभोवतीचे स्नायू आपसूक घट्ट आवळून घ्यायला शिकलेले असतात, कोरडेपणा गेला तरी ते आवळतात, तसं झालं तर पेल्व्हिक फ्लोअरवाली, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपिस्ट असते तिच्याकडे जायचं, यूट्यूब बघून आवळायचे व्यायाम सुरू करू नकोस, तुला सैल सोडायचं शिकायचंय.

त्यांच्या शुगरचंही याच चालण्यात निघू दे. बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसने पुरुषांना ताठरता टिकवणं अवघड जातं, आणि मग ते घाई करतात, टिकलंय तोवर उरकू, आणि ती घाई नेमकी तुझ्या कोरडेपणावर येते. दोघंही एकमेकांपासून आपलं आपलं लपवतायत आणि मध्ये अंधार. त्यालाही औषधं आहेत, त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांग, हार्टची गोळी चालू असेल तर ते आधी सांगायचं, मित्राने दिलेली गोळी खाऊन बघायची नाही.

जाऊबाईंचं. पिशवी काढली म्हणजे सगळं संपलं हे कुणी सांगितलं त्यांना? नुसतं गर्भाशय काढलं आणि ओव्हरीज ठेवल्या असतील तर हार्मोन तयार होत राहतात. ओव्हरीजही काढल्या असतील तर मात्र जे तुझं चारपाच वर्षांत हळूहळू झालं ते त्यांचं एका रात्रीत झालं, आणि डिस्चार्ज कार्डवर टाके कधी काढायचे एवढंच लिहिलं असेल. बीडमध्ये २०१९ ला सरकारने ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी चाळिशीच्याही आतल्या. त्यांना पुढच्या आयुष्याचं कुणी काय सांगितलं असेल याचा विचार केला की माझं डोकं फिरतं. जाऊबाईंना वेगळी खोली आवडत असेल तर खुशाल राहू देत, नको वाटणं हाही आजार नाही आणि नवऱ्यासाठी म्हणून सोसायचंही नाही, तुलाही नाही. पण नको वाटणं आणि दुखतं म्हणून नको वाटणं यातला फरक त्यांना एकदा विचार. देवधर्माला काय, तो शहारा येऊनही करता येतो.

लोक काय म्हणतील. र. धों. कर्व्यांनी १९२७ ला समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांची वकिली कुणी केली, तर डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच ठेवलं ते १९५३ ला वारले तोपर्यंत. त्याला आता नव्वदेक वर्षं झाली, त्यामुळे तुझं पत्र काही फार धाडसी वगैरे नाहीये, रांगेतलं एक आहे, तुझ्याआधी याच महिन्यात मला तिघींनी हेच लिहिलंय, एक तर ६४ ची आहे आणि तिला नवऱ्याचं नव्हे, स्वतःचंच विचारायचं होतं.

डॉक्टरकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून ने, शेवटची पाळी कधी, डाग कधी पडला, कोणत्या गोळ्या चालू, लघवीला काय त्रास, आणि खाली स्वच्छ अक्षरात, संबंधाच्या वेळी योनीत दुखतं. तोंडातून शब्द फुटला नाही तर चिठ्ठी पुढे सरकव. आणि विरजण नऊ वाजताच लाव, दूध तेव्हाही कोमटच असतं.